गळती

बेल्मिरो काश्तान्येरा, वय एकाहत्तर,
पाणीखात्यात चौतीस वर्षं.
काम : रात्री दोननंतर पोर्तोच्या उतारांवर
लोखंडी सळई फरसबंदीला टेकवायची,
दुसरं टोक कानाला,
आणि ऐकायचं, खाली पाणी कुठे वाट सोडतंय.

हे त्यानंच सांगितलं, टेबलावर उताणा पडून,
कारण त्याला झोपवलेलं नव्हतं.
जांघेतली चार बोटं जागा तेवढी बधिर.

तीन दिवस रक्त जात होतं,
आधी विटकरी, मग नुसतंच लाल.
दुर्बीण घालणाऱ्यांना रक्ताखेरीज काही दिसेना.
सीटीत मात्र एक ठिपका :
मोठ्या आतड्याच्या उजव्या अंगाला,
तांदळाच्या कणीएवढा, पांढरा,
दुसऱ्या फेरीत जरा पसरलेला.
पसरतो तोच खरा.
जागचा हलत नाही तो कुठला तरी जुना कचरा.

माझ्या अंगावर सात किलो शिसं.
डॉक्टर सियाब्रा तार सरकवत नेतात
जांघेतून वर, महाधमनीत, मग एक हलका हिसका,
आणि आतड्याच्या धमनीचं तोंड.
‘श्वास रोखा, सेन्योर बेल्मिरो.’
त्यानं रोखला. मी बटण दाबलं.
पडद्यावर झाड उगवलं, पानांवाचून,
फांदी, डहाळी, काडी, केस,
आणि विरून गेलं.
कुठेच काही सांडलं नाही.

पुन्हा. श्वास. झाड. काही नाही.
तिसऱ्यांदाही.

‘थांबलं बहुतेक,’ सियाब्रा म्हणाल्या.
ही चांगली बातमी असायला हवी.
आमच्याकडे नसते. थांबलेलं रक्त
पहाटे चारला वॉर्डात पुन्हा सुरू होतं
आणि तेव्हा आम्ही घरी असतो.

‘दाब किती आहे?’
टेबलावरून आवाज आला. वाटलं, घाबरला.
‘अठ्ठ्याऐंशी,’ फाउश्तोनं सांगून टाकलं.
‘मग ती बोलेल कशी?
दिवसा सगळं शहर नळ उघडून बसलेलं,
पाइपात दम नसतो, गळती गप्प.
म्हणून तर आम्ही रात्री जायचो.
माणसं झोपली की दाब चढतो
आणि तिला कंठ फुटतो.’

कुणी हसलं नाही.
रक्ताची तिसरी पिशवी टांगलेलीच होती, ती भराभर सोडली.
थांबलो. सोळा मिनिटं.
फाउश्तोच्या बुटांचा रबरी कुरकुराट,
मॉनिटरचं टिकटिकणं, माझ्या खांद्यांना रग.
एकशे बारा.

श्वास. झाड.
तिसऱ्या उजव्या फांदीच्या टोकाला
एक थेंब, सीटीत पांढरा होता, इथे काळा,
झाड विरलं तरी तो विरेना.

‘सापडली!’ मी मोठ्यानं म्हणाले.
मी म्हणायचं नसतं.

‘आता व्हॉल्व्ह कुठला बंद करणार?’ त्याचा प्रश्न.
‘सगळी आळी कोरडी पाडू नका.
आम्ही एकदा पाडली होती.
एका सुईणीनं दारात उभी राहून माझा उद्धार केला.’
‘फक्त शेवटचं घर,’ सियाब्रा म्हणाल्या.

शेवईएवढी नळी, तिच्यातून प्लॅटिनमची तार,
सुटताक्षणी स्वतःभोवती वेटोळं घालून बसली.
शेजारी दुसरी.
श्वास. झाड, एक काडी कमी.
बाकी आळीला पाणी.

‘आवाज नाही तुमच्याकडे?’
नाही. आमच्याकडे नुसती चित्रं.
‘मग बंद झाली हे कळतं कसं?’
दिसत नाही यावरून, मी म्हणाले,
आणि मलाच ते अपुरं वाटलं.

तो म्हणाला, गळती बुजवली की दगडावर
निळ्या खडूनं फुली मारायची,
पुढच्या पाळीच्या माणसाला कळावं म्हणून.
मग डोळे मिटून घेतले त्यानं.
मी त्याच्या जांघेवर वीस मिनिटं
तळवा दाबून उभी.
हाताखाली ठोके, ठोके,
त्यांना कशाचाच पत्ता नसल्यासारखे.

सहाला सुटले. उतारावर
एका लोखंडी झाकणापाशी टाच रोवून थांबले.
काही ऐकू आलं नाही.
पाववाल्याची गाडी आली, त्यानं हॉर्न वाजवला,
मी बाजूला झाले.